मेंढ्या वळणारी तांडेल

डिलिस प्रोबर्ट सेंट ऑस्विन कॉलेजात पीएच.डी. करायला आली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. उंची पाच फुटांच्या आत, आणि तोंडातून निघालेला शब्द शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोहोचत नाही, अशी तिची ख्याती लवकरच झाली. उंचीचं खरं होतं. आवाजाचं साफ खोटं होतं.

वेल्सच्या सीमेवरच्या डोंगरात तिच्या आईवडिलांच्या मेंढ्या होत्या. तिथं अंगणातल्या भिंतीवर उभं राहून डिलिसनं हाक मारली की दरीपलीकडच्या उतारावर फ्लाय नावाची त्यांची कुत्री कान टवकारायची आणि सांगितल्या बाजूनं सगळा कळप वळवून आणायची. पण केंब्रिजला पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. हॉलमध्ये काळे झगे घालून सगळे जेवायला बसले होते. लॅटिनमधली प्रार्थना झाली, मेणबत्त्या लागल्या, आणि शेजारच्या तरुणानं अदबीनं विचारलं की आपण कशावर संशोधन करता. डिलिसनं उत्साहानं सांगितलं, की मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात, एक चपटा किडा होतो, पानासारखा, तो पित्ताच्या नळ्या पोखरत जातो. नेमक्या त्याच वेळी प्रत्येकाच्या ताटात काळजाची पेस्ट लावलेला टोस्ट होता. आपण किती मोठ्यानं बोललो हे तिला अख्ख्या टेबलाचे घास थांबले तेव्हा कळलं. वर कुणीतरी तिच्या डोंगरी हेलाची हळूच नक्कल केली. समोर बसलेली ओर्ला कीनन तेवढी हसून त्या तरुणाला म्हणाली, "तू खाणार नसशील तर इकडे दे." आणि तिनं त्याचाही टोस्ट संपवला.

ओर्ला उत्तर आयर्लंडची, कायद्यात पीएच.डी. करणारी, हाडापेरानं दणकट. पुढं हीच ओर्ला डिलिसच्या नशिबी येणार होती. पण त्या दिवसापासून डिलिस जपून बोलायला लागली, आणि जपता जपता तिचा आवाज इतका खाली गेला की चर्चासत्रात तिनं प्रश्न विचारला तर लोकांना वाटायचं ती पुटपुटतेय.

काम मात्र तिच्या आवडीचं होतं. काळजातला तो किडा मेंढीच्या पोटात जाण्याआधी चिखलातल्या एका बारक्या गोगलगायीत वाढतो. कॉलेजच्या बागेमागं एक जुनी, बसकी प्रयोगशाळा होती. तिथं डिलिसनं ट्रेमध्ये चिखल पसरून गोगलगायी पाळल्या होत्या. रोज सकाळी दार उघडलं की ओल्या मातीचा वास यायचा आणि तिला घरी आल्यासारखं वाटायचं. तिचे मार्गदर्शक डॉ. लॉरिमर म्हणजे भला माणूस. डोक्यात सतत स्वतःचे प्रयोग, आणि ऐकायला जरा कमी. हे कमी ऐकू येण्याचं डिलिसला ठाऊक नव्हतं आणि त्यांना कबूल नव्हतं.

नाताळानंतर गोगलगायी मरायला लागल्या. आज दहाबारा, उद्या अर्धा ट्रे. नाताळाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत पाण्याचे नवे तांब्याचे पाइप बसवले होते आणि तेव्हापासूनच हे सुरू झालं, असं डिलिसच्या मनात आलं. तांबं गोगलगायींना सोसत नाही. एका मंगळवारी तिनं डॉ. लॉरिमरांना ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले की गोगलगायी पाळायला चिकाटी लागते. विषय संपला. ईस्टरपर्यंत ट्रे रिकामे झाले.

पदवीची मुलं सुट्टीला घरी गेली की अशी जुनी कॉलेजं एकदम भकास होतात. हिरवळीवर कुणी नाही, हॉल बंद, आणि दहावीस पदव्युत्तर विद्यार्थी आपापल्या किटल्या घेऊन जिन्यांतून फिरतात. त्या दिवसांत डिलिसचा धीर सुटला. घरी बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आई एकटी मेंढ्यांमागं. डिलिसनं ट्यूटरना सांगितलं की जूनअखेर मी शिक्षण सोडते, आणि आईला फोन करून शेवटच्या शनिवारी गाडी घेऊन यायला सांगितलं. आईनं कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "खोकी तिकडे मिळतील का इकडून आणू?"

आणि मग मे महिन्यात ओर्लानं तिला कॉलेजच्या दरवाजापाशी गाठलं.

"तुझं वजन किती गं?"

डिलिस बावचळली. ओर्ला पदव्युत्तर बायकांच्या नावेची कॅप्टन होती. जूनच्या शर्यती तोंडावर आल्या होत्या आणि त्यांची तांडेल, म्हणजे नावेच्या शेपटाला बसून सुकाणू धरणारी, उत्खननासाठी पेरूला निघून गेली होती. आठ वल्हवणाऱ्या होत्या. नाव वळवायला हलकं माणूस हवं होतं. डिलिसनं पुटपुटत नाही म्हटलं. ओर्लाला ते ऐकू आलं नाही, किंवा तिनं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिलिस कॅम नदीवर होती.

आठ जणी वल्ही मारतात त्या पाठमोऱ्या. जायचं कुठं ते त्यांना दिसत नाही; दिसतं ते फक्त तांडेलीला. तिनं सांगितलं नाही तर आठ जणी आंधळ्या. ओर्ला सगळ्यांत मागची, म्हणजे तोंड डिलिसकडे, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. पहिले दोन दिवस डिलिस कुजबुजत राहिली, ओर्ला "काय? काय म्हणालीस?" करत राहिली, आणि नाव एकदा काठाला बांधलेल्या राहत्या बोटीवर जाऊन आदळली. आतला माणूस हातात चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि जे बोलला ते कॅप्टननं सगळ्यांच्या वतीनं ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी वळणावरून अचानक एक सहलीची लाँच समोर आली, नदीच्या मधोमध. नाव पूर्ण वेगात होती. विचार करायला वेळच नव्हता.

"खाली बस, फ्लाऽऽय!"

आठच्या आठ वल्ही पाण्यात गच्च रुतली. नाव जागच्या जागी थरथरली. लाँचवाल्यानं इंजिन बंद केलं. मागून येणारी दुसऱ्या कॉलेजची नाव थांबली, आणि काठावरच्या वाटेनं चाललेला एक सायकलवालाही पाय टेकून उभा राहिला.

डिलिसचे कान लालबुंद झाले.

"फ्लाय कोण?" ओर्लानं विचारलं.

"आमची कुत्री," डिलिस म्हणाली.

ओर्लानं मान मागं वळवली. "ऐकलंत का बायांनो? आजपासून आपण फ्लाय. बाईसाहेब, डावी उजवी काय कुत्रीला सांगता, ते आम्हाला सांगा. तेवढ्यावर जमेल आमचं."

आणि जमलं. महिनाभर रोज सकाळी नदीच्या काठाला डिलिसचा आवाज घुमायला लागला. काठावरच्या बोटीतला तो माणूस आता तिची हाक आली की चहाचा कप उंच करायचा. डिलिस धावतपळत नाष्ट्याला यायची तेव्हा तिचे गाल तापलेले असायचे. आठ जणी एकाच बाकावर कोंबून बसायच्या, कुणाचं रसायनशास्त्र, कुणाचं तत्त्वज्ञान, आणि सगळ्यांच्या हाताला फोड. जून संपला की आपण इथं नाही, हे डिलिसनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

या शर्यतींची रीत न्यारी. नदी अरुंद, दोन नावा शेजारी मावत नाहीत. म्हणून सगळ्या एकामागं एक ठरावीक अंतरावर उभ्या राहतात. तोफ झाली की प्रत्येकीनं पुढच्या नावेचा पाठलाग करायचा आणि मागचीपासून जीव वाचवायचा. पुढचीला टक्कर दिली की दुसऱ्या दिवशी तिची जागा आपली. असे चार दिवस, बुधवार ते शनिवार. सेंट ऑस्विनची नाव लाल. तिच्या पुढं पिवळी, पिवळीच्या पुढं हिरवी.

बुधवारी तोफेचा बार झाला तेव्हा, तोवर नाव जागेवर धरून ठेवणारी काठाची साखळी डिलिसच्या हातातून सुटली. नाव उसळली तशी ती बाकी सगळं विसरली. पिवळी समोर दिसत होती, तिच्या मागचा फेस दिसत होता. पहिल्या मोठ्या वळणाला पिवळी घसरत बाहेरच्या काठाला गेली. पळणाऱ्या मेंढीच्या मागं धावायचं नसतं. ती जिथं जाणार तिथं आधी पोहोचायचं असतं. डिलिसनं सुकाणूची दोरी खेचली. "आतून घे, फ्लाय! आतून! आता चाल, चाल, चाल!" लाल नाव वळणाच्या आतल्या बाजूनं, काठच्या लव्हाळ्यांना घासत, सरळ पिवळीच्या कुशीत घुसली. पिवळीच्या तांडेलीनं हात वर केला, म्हणजे टक्कर मान्य. आठ जणी नावेत बसल्या बसल्या एकमेकींच्या पाठीवर कोसळल्या. मग काठावरच्या वाळुंजाच्या फांद्या तोडून प्रत्येकीनं केसांत खोवल्या, कारण टक्कर देणाऱ्यांनी हिरवळ माळूनच परत यायचं असतं. डिलिसच्या डोक्यावर एवढा पाला होता की तिला पुढचं दिसत नव्हतं.

गुरुवारी तेच वळण तिला भोवलं. आता पिवळी मागं आणि हिरवी पुढं होती. डिलिसला जोर चढला होता. वळणाला ती कालच्यापेक्षाही आतून गेली, आणि एका बाजूची वल्ही सरळ लव्हाळ्यांत अडकली. नाव आडवी झाली. पिवळी मागून आली आणि धाडकन लागली. जिंकलेली जागा गेली.

डिलिस कुणाशी न बोलता खोलीवर गेली आणि कोट घालून खाटेवर बसली. जूनची संध्याकाळ, बाहेर लख्ख ऊन. थोड्या वेळानं दारावर थापा पडल्या. ओर्ला होती, ओल्या केसांची, हातात चिप्सचा पुडा.

"खाली जेवायला सगळ्या थांबल्यात. चल."

डिलिस म्हणाली की तुम्ही दुसरी तांडेल बघा. तशीही मी शनिवारी चाललेय, कायमची.

ओर्ला खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली. मग डिलिसनं सगळं सांगून टाकलं, गोगलगायी, रिकामे ट्रे, तांब्याचे पाइप.

"आणि हे पाइपचं लॉरिमरांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"कसं सांगितलंस? मी लॉरिमर. मला सांग."

डिलिस मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाली की सर, मला वाटतं, म्हणजे कदाचित, त्या नव्या पाइपांमुळे असेल.

"मी हातभर अंतरावर बसलेय," ओर्ला म्हणाली, "आणि मला फक्त 'कदाचित' ऐकू आलं. नदीवर अख्खी लाँच थांबवतेस, बाई. एक प्रोफेसर थांबवता येत नाही तुला?"

"नदीवर मला माहीत असतं मी काय म्हणतेय ते."

"आणि गोगलगायींचं नाही माहीत?"

डिलिसनं चिप्सचा पुडा ओढून घेतला.

शुक्रवारी सकाळी ती डॉ. लॉरिमरांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. खुर्चीवर न बसता, मेंढ्यांना द्यावी तशी स्वच्छ हाक देऊन तिनं सांगितलं, की सर, गोगलगायी माझ्या हलगर्जीनं मेल्या नाहीत. पाइप तांब्याचे आहेत. नळाचं पाणी तपासा, आणि मला पावसाच्या पाण्यावर नव्यानं गोगलगायी वाढवू द्या.

डॉ. लॉरिमरांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"अहो, मग हे जानेवारीतच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, सर."

त्यांनी जरा विचार केला. "मंगळवार होता का? मला वाटलं, तुम्ही थंडीबद्दल काहीतरी म्हणताय." मग ते कधी नव्हे ते ओशाळले. उठून कोट चढवला आणि तिच्याबरोबर प्रयोगशाळेकडे चालायला लागले. वाटेत दोनदा म्हणाले की तांबं, अर्थातच तांबं. नळाखाली बाटली भरून घेताना त्यांचेही हात उतावीळ झाले होते. दुपारपर्यंत निकाल आला. पाण्यात तांबं होतं, गोगलगाय जगणार नाही एवढं.

डिलिस तिथून धावत सुटली ती थेट नदीवर. त्या दुपारी पिवळीला त्यांनी वळण यायच्या आधीच, सरळ पाण्यात गाठलं. दूध उतू जावं तशी नाव वर येत होती. ओर्लानं वल्हं मारता मारता धापा टाकत विचारलं, "काय म्हणाले?" आणि डिलिसनं आठही जणींना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "तांबं होतं! चाल, फ्लाय, तांबं होतं!" काठावरच्या लोकांना त्यातलं काहीही कळलं नाही.

शनिवारी आई आली. मागं मेंढ्यांच्या लेंड्यांचा वास असलेली गाडी तिनं कॉलेजच्या दारात लावली, आणि पहारेकरी मिस्टर टॉविल काही बोलायच्या आत त्यांना विचारलं की नदी कुठंय. डिलिसनं सकाळी फोनवर फक्त शर्यतीचं सांगितलं होतं. बाकीचं तोंडावर सांगायचं ठरवलं होतं.

तोफ झाली. हिरवी नाव पुढं जोरात निघाली. मागून पिवळी, दोनदा डिवचलेली, अशी चिडून आली की पहिल्या सरळ पट्ट्यातच तिचं टोक डिलिसच्या पाठीशी येऊन ठेपलं. वल्ह्यांचं पाणी तिच्या मानेवर उडत होतं. ओर्लाला मागची पिवळी दिसत होती. तिचे डोळे मोठे झाले होते.

"मागं बघू नकोस," ओर्ला म्हणाली. "तू पुढचं बघ. मागचं माझ्याकडे."

वळण आलं. गुरुवारचं तेच. हिरवी दमली होती, बाहेरच्या काठाकडे सरकत होती. लव्हाळी कुठं संपतात आणि पाणी कुठं सुरू होतं ते डिलिसनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं, आणि दोरी खेचली. वल्ह्यांची टोकं लव्हाळ्यांना सळसळ घासून गेली. अडकली नाहीत. पिवळीला तेवढं धाडस झालं नाही. ती रुंद वळली आणि तिचं टोक मागं पडलं.

"आतून! आतून, फ्लाय! आता सगळं, आता सगळं काढा!"

काठावर सायकली धावत होत्या, माणसं धावत होती, आणि त्यांत गमबूट घातलेली एक बाई सगळ्यांना कोपरानं बाजूला सारत धावत होती. तिचा आवाज डिलिसनं कुठंही ओळखला असता. आई नुसतं "चाल! चाल!" ओरडत होती. बाकीचे काय ओरडत होते ते मग ऐकूच आलं नाही. हिरवीचं शेपूट जवळ आलं, आणखी जवळ आलं, लाकडाला लाकूड लागल्याचा खणकन आवाज आला, आणि हिरवीच्या तांडेलीचा हात वर गेला. पिवळी मागून येऊन त्यांच्यावर चढली ती त्यानंतर. तोवर निकाल लागला होता.

तिन्ही नावा वेड्यावाकड्या एकमेकींत अडकल्या. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, पिवळीची तांडेल तर दोन्ही करत होती. डिलिसला उठवेना. घसा पार बसला होता. आठही जणींनी तिला उचलून सरळ नदीत टाकलं, कारण ती रीतच आहे.

काठाला आली तेव्हा आई हात कमरेवर ठेवून उभी होती. घामानं डबडबलेली. ओल्याचिंब लेकीला तिनं आपला कोट दिला.

"तू त्यांना फ्लाय म्हणत होतीस."

"हो."

"आठांना एकच नाव?"

"गडबडीत आठ नावं कोण घेणार, आई?"

आईला ते पटलं. "आमची फ्लाय तुझं इतकं कधी ऐकत नाही," ती म्हणाली. मग, "खोकी आणलीत मी. काय करायचं त्यांचं?"

डिलिसनं बसक्या आवाजात पाण्याचं, पाइपांचं, पावसाच्या पाण्याचं सगळं सांगितलं. बाबांचं विचारलं. आई म्हणाली की बाबा काठीवर चालतोय, शेजारचा गॅरेथ मेंढ्यांच्या कामाला हातभार लावतो, आणि तू घरी येऊन माझ्यापुढं तोंड पाडून बसणार असशील तर त्याचा मेंढ्यांना काय उपयोग. यापलीकडं त्या विषयावर मायलेकी बोलल्याच नाहीत. खोकी तशीच दुमडलेली गाडीत राहिली.

संध्याकाळी हॉलमध्ये नावेच्या क्लबाचं जेवण होतं. आईजवळ एकच बरा पोशाख होता, तो तिनं घातला. तिला डॉ. लॉरिमरांच्या शेजारी बसवलं. काहीतरी विपरीत घडेल म्हणून डिलिस लांबून बघत होती. पण आईचा आवाज डोंगरातलाच. वर्षभरात पहिल्यांदा लॉरिमरांना शेजाऱ्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि ओल्या सालात कुठल्या ओढ्याकाठच्या मेंढ्या आधी दुखण्यात पडतात हे आई सांगत होती. ते मध्येच काटा खाली ठेवून प्रश्न विचारत होते, आणि आई मिठाची, मिरीची भांडी मांडून ओढा दाखवत होती. पुडिंग आलं तेव्हा सप्टेंबरात प्रोफेसर त्यांच्या डोंगरात येणार असं ठरलंसुद्धा होतं.

आले ते खरंच. गमबूट घालून गुडघाभर चिखलात उतरले, आणि डिलिसबरोबर बिस्किटांच्या डब्यांतून ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या गोगलगायी घेऊन परतले. पावसाच्या पाण्यावर त्या जगल्या, वाढल्या, त्यांनी अंडी घातली. पहिली अंडी दिसली त्या सकाळी डिलिस हिरवळीवरून, जिथं विद्यार्थ्यांना पाय ठेवायची बंदी आहे, सरळ आडवी धावत ओर्लाच्या खोलीकडे गेली.

तिला आणखी अडीच वर्षं लागली. तोंडी परीक्षेला एडिनबराहून एक करड्या केसांच्या बाई आल्या होत्या. त्यांनी खोडसाळ प्रश्न विचारले, डिलिसनं उलट प्रश्न विचारले, आणि दोघी इतक्या रंगल्या की दुपारचं जेवण राहून गेलं. आता ती घरापासून अर्ध्या तासावर, गुराढोरांच्या आजारांच्या सरकारी केंद्रात काम करते. ओल्या सालात कुठल्या शेतावर दुखणं येणार ते आधीच सांगते, आणि शेतकरी तिचं ऐकतात. न ऐकण्याची सोयच नसते. ओर्ला बेलफास्टला वकिली करते.

जून आला की दोघी केंब्रिजला येतात, वळणावरच्या गवतात बसतात, स्ट्रॉबेऱ्या खातात. यंदा लाल नावेची तांडेल एक नवी, घाबरट पोर होती, चेहरा पांढराफटक. नाव वळणाला आली तशी डिलिस उठून उभी राहिली, मग धावायलाच लागली, आणि मागं ओर्ला, दोघींच्या हातात स्ट्रॉबेऱ्यांचे द्रोण, सायकलींच्या गर्दीतून वाट काढत.